चिरेखाणीवरची चौदा वर्षं

नर्मदाकाकीने मला पहिली शिवी घातली ती सिंधुदुर्गनगरीतल्या एका कार्यालयात, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. दोन हजार तेवीसचा मे महिना होता. धामणवडहून पहिली एसटी धरून, कसालला गाडी बदलून ती आली होती. साठीला टेकलेली काटक बाई, डोक्यावर खताचं जुनं पोतं. शिपाई ‘जेवणाची सुट्टी आहे’ म्हणत मागून धावत होता आणि ती टेबलाटेबलाशी थांबून विचारत होती, "सर्वेवालो देवेश कोण?"

मी हात वर केला. तिने पोतं माझ्या टेबलावर पालथं केलं.

आतून मातीसकट उपटलेली रोपं पडली. कुठलं वीतभर, कुठलं हातभर. काहींची मुळं तुटलेली, काही यंत्राखाली चेचलेली. लाल माती माझ्या कीबोर्डवर सांडली.

"ह्यो रातांबो," ती एकेक उचलून दाखवू लागली. "ह्यो भेरलो माड. ही ओवळ. ह्यो कुंभयो, माझ्या डोक्याएवढो झाल्लो, शेंडोच गावलो. मेल्या, ह्यां पडीक? डोळे फुटलेले काय रे तुझे?"

मी तिथे कंत्राटावरचा सर्वेक्षक. अशा वेळी काय बोलायचं ते आम्हाला पाठ असतं. मी म्हटलं, "काकी, आपली काही तक्रार असेल तर आपण लेखी अर्ज द्यावा. संबंधितांकडून चौकशी करण्यात येईल."

"खंयचो तू?"

"बांद्याचा."

"बांद्याचो मां? मगे माझ्याशी पुस्तकातला कित्या बोलतंस?"

तिने रिकामं पोतं झटकलं, घडी करून काखेत मारलं. "आज तुमच्या जेसीबीचो पाइप फुटलोहा म्हणान बंद आसा. उद्या येतलो. येवंदे. मी थंयच आसतलंय," असं म्हणून ती निघून गेली.

खरं सांगतो, मला आधी तिचाच राग आला. चारचौघांत इज्जत काढली म्हणून. माझा राग योग्य माणसाकडे वळायला संध्याकाळ व्हावी लागली.

ही बाई कोण, हे मला पुढे कळत गेलं. ते इथेच सांगतो.

नर्मदा घाडीचं माहेर मिठबाव. समुद्राकाठची मुलगी, सातवी शिकलेली, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन धामणवडला आली. माशाच्या गावातून भाताच्या गावात. झाडांची नावंही तिला इथे येऊन शिकावी लागली. नवरा सत्यवान शेती करायचा. घरामागे घाडींचा डोंगर होता, वर सडा, म्हणजे खडकाळ माळ, आणि उताराला आईन, किंजळ, कुंभ्याची राई. राईतून एक व्हाळ उतरायचा, तो एप्रिलपर्यंत वाहायचा. काकीची विहीर आणि खालच्या वाडीतल्या मॅन्युएल लोबोंची सुपारीची बाग, दोन्ही त्याच्यावर.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात सत्यवान लेप्टोने गेला. चार दिवसांचा ताप, संपला. पोरगी प्राजक्ता तेव्हा सात वर्षांची. जमिनीच्या सातबारावर दोन नावं उरली, थोरले दीर दत्तप्रसाद, जे मुंबईला असत, आणि नर्मदा. दोन वर्षांनी दत्तप्रसादांनी डोंगर चिरेखाणीला दिला. नर्मदेला विचारलं नाही, सांगितलं.

खाणवाल्यांनी आधी राई तोडली. मग वरची माती खरवडून कडेला तिचा लांबच लांब ढीग लावला आणि उघड्या पडलेल्या जांभ्या दगडावर करवती लावल्या. साडेचार वर्षं ती घरघर चालू होती. लाल धूळ भातावर बसायची, वाळत घातलेल्या लुगड्यावर बसायची, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर बसायची. दुसऱ्याच वर्षी व्हाळ दिवाळीला आटला. विहीर फेब्रुवारीत तळाला गेली. काकी खाणीवर भांडायला गेली तर मुकादम हसला आणि म्हणाला, "वयनी, दगडातून काय पाणी येतं होय?"

दोन हजार नऊला चांगला चिरा संपला आणि ते लोक निघून गेले. मागे तीन पुरुष खोल खड्डा, फुटक्या चिऱ्यांचा खच, गंजलेली पाती आणि दारूच्या बाटल्या. खड्डा बुजवून द्यायचं करारात होतं. करार कपाटात होता. कपाट मुंबईला होतं.

नर्मदाकाकीने स्वतः खाण बरी करायला घेतली. घमेल्याने माती वाहून तिने खाणीच्या तळाला काजूची चाळीस कलमं लावली. मॅन्युएलमास्तरांच्या विहिरीवरून कळशीने पाणी घातलं. मॅन्युएल लोबो प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिक्षक होते, निवृत्त झाले तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. ते तिला म्हणाले, "नर्मदा, दगडाक दूध पाजतंस तू." दुसऱ्या एप्रिलपर्यंत चाळीसच्या चाळीस कलमं वाळली. शेवटची पाच तिने स्वतः उपटली आणि खाणीच्या भिंतीवर आपटली.

"त्या दिवसा मी देवाकसुद्धा गाळी घातलंय," तिने मला एकदा सांगितलं.

त्यानंतर तिने लावणं सोडलं. पण गाय त्या बाजूला चरायची, म्हणून जाणं होत राहिलं. आणि मग एक एक दिसायला लागलं. पहिले दोन पावसाळे तळाचा दगड नुसता काळा पडला. तिला वाटलं, दगड कुजतोय. जवळून पाहिलं तर शेवाळाचा पापुद्रा होता, उन्हाळ्यात राखेसारखा सुकणारा आणि पावसात पुन्हा जिवंत होणारा. भिंतींवर दगडफूल चढलं. त्या पापुद्र्यात वाऱ्याची धूळ अडकली, धुळीत बोटभर गवत आलं. गवत मेलं, त्याची माती झाली, मूठभर. त्या मूठभर मातीत पुढच्या वर्षी तेरडा आणि टायकाळा. टायकाळ्याची भाजी तिने खुडून आणली तेव्हा प्राजक्ता म्हणाली, "आई, खाणीतली भाजी?" दोघींनी ती खाल्ली.

कडेला लावलेल्या मातीच्या ढिगाची गोष्ट वेगळी. तिथे तिसऱ्याच वर्षी रानमोडी, धायटी, करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या. तळाच्या उघड्या दगडाला तेवढं व्हायला नऊ वर्षं लागली. "थंय जुनी माती होती मां," काकी म्हणायची. "मातीक आठवता. दगडाक पयल्यापासून शिकूचा लागता."

मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आहे. याला अनुक्रमण म्हणतात. उघड्या दगडावर आधी शेवाळ, दगडफूल, मग गवत, मग झुडपं, मग उन्हात वाढणारी झाडं आणि त्यांच्या सावलीत शेवटची, दीर्घायुषी. प्रत्येक पिढी पुढचीसाठी जमीन तयार करते आणि स्वतः बाजूला होते. माती शिल्लक असेल तर हे लवकर होतं, दगडापासून सुरुवात असेल तर फार सावकाश. परीक्षेत हा आठ गुणांचा प्रश्न असायचा. बाणांची आकृती काढायची. मी काढली होती आणि आठपैकी सात गुण मिळवले होते. हे मी प्रौढीने नाही सांगत. लाज वाटते म्हणून सांगतो.

काकीने त्या चौदा वर्षांत दोनच गोष्टी केल्या. शेळ्या आत येऊ दिल्या नाहीत आणि वणवा येऊ दिला नाही. दरवर्षी माघात ती खाणीभोवती चार हात रुंदीचं गवत कापून काढायची. सशाच्या शिकारीसाठी सड्याला आग लावणाऱ्यांच्या अंगावर ती कोयता घेऊन धावून गेलेली आहे, दोनदा. शेळ्यावाल्यांशी तिची कायमची भांडणं. गावात म्हणायचे, घाडीण येता, रस्तो सोडा. तापट बाई, अशी तिची ख्याती झाली. कोणी विचारलं नाही की ती तापते कशावर.

आणि विहीर. दोन हजार सतराला पाणी मार्चपर्यंत टिकलं. एकवीसला एप्रिलपर्यंत. व्हाळ पुन्हा संक्रांतीपर्यंत वाहायला लागला. खाणीत साठलेलं पाणी मुळांच्या वाटेने खाली झिरपत असेल. नेमकं कारण मी सांगू शकत नाही, मोजमाप कोणी केलेलं नाही. पण मॅन्युएलमास्तरांच्या सुपारीने तेव्हा पुन्हा धरायला सुरुवात केली, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे.

तर अशा त्या डोंगरावर मार्चच्या शेवटी मी गेलो.

झाडं लावायची योजना होती. पडीक, वृक्षविरहित जमीन शोधायची, खड्डे मारायचे, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायची, आकडा वर पाठवायचा. संमतीपत्रं आणून देणारा एक एजंट होता. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी धामणवडला पोचलो. दुपारचे बारा. आईन, किंजळ, कुंभा या दिवसांत पानं टाकतात, हे मला माहीत असायला हवं होतं. मला दिसल्या त्या नुसत्या काटक्या. रस्त्यावरून खाणीचा तळ दिसत नाही. उतरावं लागतं. मी उतरलो नाही. चार कोपऱ्यांवरून चार फोटो काढायचे असतात. मी तीन काढले आणि चौथा तिथल्या तिथे वळून काढला. वीस मिनिटांत काम झालं. शेऱ्याच्या रकान्यात मी टाइप केलं, ‘पडीक क्षेत्र, विरळ काटेरी झुडपे, लागवडीस योग्य.’

मे महिन्यात काकी भाचीच्या लग्नाला मिठबावला गेली, तीन दिवस. त्या तीन दिवसांतल्या दोन दिवसांत जेसीबीने मातीच्या ढिगावरचा सगळा पट्टा साफ केला. दोन एकर. तिथलीच झाडं सगळ्यात मोठी होती, कारण तीच सगळ्यात आधी उठली होती. काकी परत आली ती संध्याकाळच्या गाडीने. थांब्यावरून तिला झाडांच्या जागी आभाळ दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती पोतं घेऊन माझ्यासमोर उभी होती.

ती गेल्यावर मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, सर, त्या जागेची पुन्हा पाहणी करायला हवी. माझी चूक झाली असावी.

"देवेश, झुडपं म्हणजे जंगल नव्हे," साहेब मान वर न करता म्हणाले.

"सर, रातांब्याची रोपं आहेत. ती सावलीतच..."

"आपण तिथे झाडं लावतोय की तोडतोय? लावतोय ना? मग? जूनच्या आत आकडा पुरा व्हायला हवा. तुम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायला नेमलेलं नाही."

मी बाहेर आलो. टेबलावर ती रोपं सुकत पडली होती. मी धामणवडची फाइल काढली. संमतीपत्रावर दत्तप्रसाद घाडी यांची इंग्रजीतली ऐसपैस सही होती. खाली ‘नर्मदा सत्यवान घाडी’ असं एजंटाच्या अक्षरात लिहिलेलं आणि त्यापुढे निळा अंगठा.

मी खाली फाटकाशी गेलो आणि येणाऱ्यांची नोंदवही उघडली. त्या दिवशीच्या पानावर अकरावी ओळ. नाव, गाव, वेळ आणि गोल, ठसठशीत अक्षरात पूर्ण सही. नर्मदा सत्यवान घाडी.

माझा राग तिथे वळला. एजंटावर, साहेबांवर, दत्तप्रसादांवर आणि त्या वळून काढलेल्या चौथ्या फोटोवर. मी संमतीपत्राची झेरॉक्स काढली. कोणाला विचारलं नाही.

सकाळी साडेसातला मोटारसायकलने धामणवडला पोचलो तर जेसीबी उभा होता आणि त्याच्या बकेटमध्ये नर्मदाकाकी मांडी घालून बसली होती. मांडीवर कोयता, शेजारी पाण्याची बाटली. ड्रायव्हर, परमुलखातला शांत माणूस, खाली उकिडवा बसून बिडी ओढत होता.

"ताई, उतरा ना. माझी रोजी बुडते."

"तू चाय पी," काकी त्याला म्हणाली. "तुझ्यार माझो राग नाय. तुका सांगणाऱ्यांर आसा."

मग तिने मला पाहिलं. "ह्यो इलो बघ. काय, आज रानाचो फोटो काढूक इलंस?"

मी कागद पुढे केला. तिने बाटली बाजूला ठेवली, कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. दोनदा वाचला. तिचा चेहरा असा झाला की ड्रायव्हर बिडी टाकून उभा राहिला.

"माझो आंगठो?" ती म्हणाली. "मी सातवी शिकलंय. पोरीच्या शाळेत, बँकेत, रेशनार, सगळीकडे सही करतंय. माझो आंगठो खंयसून इलो?"

मॅन्युएलमास्तर काठी टेकत वर आले होते. त्यांनी कागद पाहिला आणि एवढंच म्हणाले, "ह्यां फसवणूक आसा, नर्मदा. लिहून देवया." तोवर एजंट आला, सरपंच विनीता मेस्त्री आल्या, गावातली पाचपन्नास माणसं जमली. एजंटाने दत्तप्रसादांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"नर्मदा, असा काय करतंस?" दत्तप्रसादांचा आवाज आला. "झाडां लावतत, तोडणत नाय. पुण्याचा काम आसा."

"भावजी," ती बकेटमधूनच म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला की खालच्या वाडीत ऐकू गेला असेल. "एकदा तुमी ह्यो डोंगर मारलात. मी बायलमाणूस, गप ऱ्हवलंय. चौदा वर्षांनी तो आपसूक उठान बसलो. कोणी पाणी घातल्यान नाय, कोणी खत घातल्यान नाय. तर परत मारूक इलात? आणि माझ्या आंगठ्यान?"

"आंगठ्याचा माका म्हायत नाय," दत्तप्रसाद म्हणाले. एजंट म्हणाला, मलाही माहीत नाही. अंगठ्याला तेवढं माहीत असणार.

सरपंचबाई अडचणीत सापडल्या होत्या. "काकी," त्या हळूच म्हणाल्या, "झाडां लावूक विरोध केल्यानी, असा पेपरात येतला. गावाचा नाव..."

"येवंदे. माझा नाव नीट छापूक सांग."

असं म्हणून ती खाली उतरली. जेसीबीच्या पिवळ्या दारावर लाल धुळीचा थर होता. त्यावर तिने तर्जनीने लिहिलं, पूर्ण, सावकाश, काना-मात्रेसकट. नर्मदा सत्यवान घाडी. आणि एजंटाला म्हणाली, "वाच. मोठ्यान वाच."

त्याने वाचलं नाही. पण गावाने वाचलं. तलाठी आल्यावर पंचनामा झाला, मॅन्युएलमास्तरांनी हरकतीचा अर्ज तिथेच दगडावर बसून लिहिला, आणि दुपारी एकच्या सुमाराला जेसीबी डोंगर उतरून गेला.

लोक पांगले. मी तिथेच उभा होतो. माफी मागायची होती. काकीने कोयता उचलला. "आता इलंसच तर चल, दाखवतंय. तुका नाय बघूक गावला मां?"

आम्ही खाणीत उतरलो. बाहेर मे महिन्याची आग होती. आत पाऊल टाकल्यावर अंगावर गारवा आला. वाऱ्याने आलेल्या, पाखरांनी टाकलेल्या बियांची झाडं डोक्याच्या वर गेली होती. चांदाड्याची मोठी गोल पानं, कुंभा, शिवण, फुटक्या चिऱ्यांच्या फटीत मुळं घातलेला आईन. पायाखाली पानांचा मऊ थर.

"हंय पाच वर्षांमागे नुसती रानमोडी होती," ती म्हणाली. "माणूस शिरना नाय अशी. सगळे म्हणीत, उपट गो ती, विषारी आसा. मी म्हटलंय, ऱ्हवंदे. तिच्या बुडाक ओल ऱ्हवता. आणि आता बघ."

रानमोडीच्या वाळक्या काड्या झाडांखाली आडव्या पडल्या होत्या. सावलीने तिला मारलं होतं. जिथे ऊन पोचत होतं तिथे, कडेकडेने, ती अजून हिरवी होती.

एका सपाट चिऱ्याशी काकी वाकली. त्यावर उदमांजराच्या काळसर विष्ठेचा सुकलेला गोळा होता आणि त्यात लखलखीत बिया. "कांडेचोराची. तो रातचो येता, माडाची फळां खाता आणि हंय बसता. भेरले माड मी लावलंय नाय. तेणां लावल्यान." शेजारच्या फटीत त्या माडाचं एक रोप माशाच्या शेपटीसारखी पानं पसरून उभं होतं. पुढे, अगदी दाट सावलीत, रातांब्याची, म्हणजे कोकमाची, रोपं होती, गडद, तकतकीत. "ही पयल्या वर्षी लावली असती तर जगली असती?" तिने मला विचारलं. "माझी काजूची कलमां जगली? ज्येचो तेचो वेळ येवचो लागता. आधी कोणीतरी मरूचा लागता, मगे दुसरो उभो ऱ्हवता."

मी म्हटलं, "काकी, माझी चूक झाली."

"झाली," ती म्हणाली. मला बरं वाटावं असं ती काही बोलली नाही, आणि तिने ते बोलावं असं मलाही वाटेनासं झालं.

वर आल्यावर मात्र ती साफ केलेल्या पट्ट्याकडे पाहत बराच वेळ उभी राहिली. दोन एकर उघडी लाल माती, मध्येच अर्धवट मारलेले खड्डे. तिने एक ढेकूळ उचललं आणि कुस्करून टाकलं.

पुढे काय झालं ते सांगतो, कारण ते सांगितलं नाही तर गोष्ट गोड वाटेल. काम थांबलं ते थांबलं. संमतीपत्र रद्द झालं. खोटा अंगठा कोणाचा, याची चौकशी दोन वर्षं चालू आहे. एजंट आता दुसऱ्या तालुक्यात हेच काम करतो. त्या वर्षीच्या अहवालात धामणवडचं नाव आहे, लागवड पूर्ण, जिवंत रोपांचं प्रमाण एक्याण्णव टक्के. तिथे एकही रोप लावलं गेलं नव्हतं. मी हे लेखी कळवलं. माझं कंत्राट पुढे वाढलं नाही. मी आता बांद्याला मुलांच्या शिकवण्या घेतो.

आणि जुलैच्या पावसात तो उघडा पट्टा वाहून खाली आला. काकीच्या विहिरीत कमरेएवढा लाल गाळ बसला. मॅन्युएलमास्तरांच्या बागेत सुपारीच्या बुंध्यांशी चिखल साचून बारा झाडं मेली. चौदा वर्षं मुळांनी धरून ठेवलेली माती. प्राजक्ता म्हापशाला नर्स आहे, ती रजा टाकून आली आणि आई-लेकींनी शेजारच्या दोन बायांना घेऊन विहीर उपसली. तीन दिवस. गाळाची प्रत्येक बादली वर येताना काकी एकेकाचं नाव घेऊन शिव्या देत होती. माझंही नाव होतं त्यात. मी रहाट ओढत होतो.

मी तिथे जात राहिलो. पट्ट्यावर दुसऱ्या वर्षी टायकाळा आला, मग कंबरभर गवत. काकी म्हणाली, गवत इला तां बरां झाला, माती धरता. पण गवताबरोबर तिला एक धास्ती होती, आणि ती खरी ठरली.

यंदाच्या फेब्रुवारीत एका रविवारी, सकाळी अकराला, सड्यावरून धूर उठला. कोणीतरी आग लावली होती. काकीने कापून काढलेली रेषा आगीने ओलांडली आणि त्या वाळलेल्या गवतात शिरली. पूर्वी तिथे झाडी होती तेव्हा आगीला तिथे खायला काही मिळालं नसतं. आता दोन एकर सुका चारा तयार होता. मी, प्राजक्ता, सत्तरी ओलांडलेले मॅन्युएलमास्तर आणि काकी, सगळे हिरव्या फांद्यांनी बडवत होतो. सरपंचबाई आठ-दहा जणांना घेऊन आल्या. धूर, ठिणग्या, टाळू फुटेल असं ऊन. मास्तरांना खोकल्याने उभं राहवेना तेव्हा प्राजक्ताने त्यांना बळेच खाली नेलं. अख्खा पट्टा जळाला. ज्वाळा खाणीच्या कडेपर्यंत गेल्या आणि मला वाटलं, संपलं.

तिथे त्या अडल्या. कडेची रानमोडी तडतडत पेटली, करवंदीच्या दोन जाळ्या गेल्या. पण आत, सावलीत, गवत नव्हतंच. ओलसर पानांच्या थरावर आग बोटभर उंचीची झाली, धुमसली, आणि आम्ही तिला फांद्यांनी निजवलं. अडीचच्या सुमाराला नुसता धूर उरला. खाणीच्या आत पाखरं ओरडत होती.

सगळे जिथे होते तिथे खाली बसले. कोणी पाणी आणलं. सरपंचबाई काकीला म्हणाल्या, "काकी, वाचला तुमचा रान."

काकीच्या कपाळावरचे केस होरपळले होते, पदराला चार भोकं पडली होती. ती तांब्याभर पाणी एका दमात प्यायली, तिने तोंड पुसलं आणि जळालेल्या पट्ट्याकडे पाहिलं.

"अर्धां," ती म्हणाली. "अर्धां वाचला."

मग तिने कोयता कमरेला खोचला आणि माझ्याकडे वळली. "ऊठ रे. धूर सड्याच्या वरच्या अंगान इलो. थंय कोणाच्या तरी गाडयेच्या चाकांच्या खुणा आसतले. पुसूच्या आधी बघूया."

आम्ही दोघं गरम राखेतून वर चढू लागलो.